चर्चातली ढोलकी

मिरजेच्या स्टँडवर पल्लवी कवठे महांकाळच्या गाडीची वाट बघत होती. शेजारी दोघी म्हाताऱ्या बोलत होत्या.

“आमच्या शेजारची पोरगी सुवार्ता देशोदेशी फिरली, चर्चमधली गाणी अभ्यासायला.”

“नुसत्या गाण्यासाठी?”

“व्हय. कुठं ढोलावर प्रार्थना, कुठं बासरीवर. त्यातच प्राध्यापक झाली. आमच्या चर्चात मातुर तिच्या बापाची ढोलकी जुन्या पाळकांनी बंद केलती, शोभत न्हाई म्हणून.”

“मग गं?”

“परवा आली, नव्या पाळकांना सगळं सांगितलं. रविवारी ढोलकी निघाली.”

“बापानं वाजवली?”

“त्येचं हात कापत्यात आता. तिनं वाजवली, त्यो गायला.”

“गाऊन झाल्यावर काय म्हणाला?”

“डोळं पुसलं आन् म्हणाला, आजून एक म्हणू.”

गाडी लागली. पल्लवी त्यांच्या मागच्याच सीटवर जाऊन बसली.