भामाबाईचा तिसरा नंबर

आज पूर्वरंग आटोपता घेतो, मंडळी, कारण पुढच्या गोष्टीला घाई आहे. एकच प्रश्न टाकतो, आणि पाठांतरातलं उत्तर कोणी देऊ नका – गरिबी आठ दिवस भाड्यानं मिळते का?

हसताय. मिळते म्हणून सांगतोय. आपल्याच गावात मिळाली, ह्याच उन्हाळ्यात, वखारीमागच्या वस्तीत. पत्र्याची खोली, एक स्टोव्ह, दोन गोधड्या, आणि वर फुकट – ढेकूण.

घेणारे कोण? विश्वासराव खर्डेकर, तेलाच्या गिरणीचे मालक. त्यांच्या पत्नी रोहिणीवहिनी, आणि कॉलेजात जाणारी लेक सई. वहिनींच्या महिला मंडळात कोणीतरी सांगितलं, की दुसऱ्याचं जिणं कळायला हवं तर दुसऱ्याच्या घरात राहून बघावं. विचार वाईट नाही हां. देवसुद्धा वेष पालटून फिरतो. पण देवाच्या मागून कधी ड्रायव्हर फिरल्याचं ऐकलंय? खर्डेकरांची गाडी आठही दिवस पिंपळाआड उभी. विश्वासराव सकाळी म्हणायचे, "जरा पाय मोकळे करून येतो." आणि परत यायचे ते दाढी करून, आंघोळ करून, भांग पाडून. पाय असे मोकळे होतात?

खोली होती भामाबाई खिलारेची. ही बाई वसतिगृहाच्या मेसमध्ये भाकऱ्या थापते. सातला चुलीपुढं हजर पाहिजे. सव्वासातला पोचली तर तिच्या पाटावर दुसरी बसलेली. खोली देऊन ती आठ दिवस भावाकडं गेली. जाताना वहिनींना एकच गोष्ट बजावली – "वैनी, भांडी फुटली तर फुटू द्यात. पर नळावर माजा तांबडा हंडा तिसरा असतोय. तेवढा सांभाळा."

आता नळाचं ऐका. घरं बावीस, नळ एक. पहाटे साडेपाचला येतो, सव्वासहाला खोकतो आणि जातो. पाणी पुरतं सतरा-अठरा घरांना. म्हणून रांगेतली जागा घराची, पिढीजात. भामाबाईला सासूकडून वारसा काय मिळाला? तिसरा नंबर. बाकी काही नाही. आणि नळाला एक कायदा आहे. मागं एकदा 'मी आजच्यापुरती दिली होती' ह्यावरून दोघींची डोकी फुटली, तेव्हा सगळ्यांनी बसून ठरवलेला. तोंडानं जागा दिली की दिली, कायमची. देणारी शेपटाला.

वहिनींना हे कोणी सांगितलं नाही. का सांगावं? नळावरची जागा आपण होऊन देणारी बाई वस्तीनं जन्मात पाहिली नव्हती.

तिसरा दिवस उजाडला. वहिनी तांबड्या हंड्यापाशी उभ्या. रांगेच्या शेवटी सोनाआजी, सत्तरीची, कंबरेवर रिकामी घागर. वहिनींना भरून आलं.

"आजी, तुम्ही या माझ्या जागी."

पाणी पडत होतं. साऱ्या बाया हंडे सोडून वळल्या.

आजी म्हणाली, "बाई, इचार करून बोल. नक्की?"

"अहो, आजच काय, रोज घ्या!"

आजीनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. घागर तिसरी, तांबडा हंडा बाविसावा. सई तेवढी म्हणाली, "आई, पण ती जागा भामामावशींची ना?" वहिनी म्हणाल्या, "अगं, देण्यात आनंद असतो." असतोच. दुसऱ्याचं देण्यात तर फारच.

त्या दिवसापासून खोलीत नळाचं पाणी थेंबभर आलं नाही, आणि खर्डेकरांना ते कळलंही नाही. पिंपळाआडच्या गाडीतून पाण्याचे जार येत होते.

आठव्या दिवशी ह्याच मंदिरात त्यांचा सत्कार. हार, शाल, श्रीफळ. वहिनी सांगत होत्या, गरिबांच्या घरी किती समाधान असतं. तेवढ्यात भामाबाई शिरली. सकाळीच परतलेली, काखेत तांबडा हंडा, रिकामा.

"वैनी, माजा नंबर कुटं हाय?"

"या ना भामाबाई. कसला नंबर?"

"नळावरचा. तुमी दिला म्हनं."

"हो, त्या आजींना. किती थकल्यात त्या."

"थकलीया, खरं हाय. द्यायचा हुता तर तुमचा द्यायचा."

विश्वासराव उठले. "मी वस्तीला बोअर मारून देतो."

"द्या की. उद्या साडेपाचला काय करू?" विश्वासराव शाल सावरत खाली बसले. मग तिनं साधंच विचारलं, "वैनी, तुमच्या घरी पानी किती वाजता येतं?"

"येतं म्हणजे? असतंच."

सत्काराला तुम्ही होतात मंडळी. आत्ता हसलात, तेव्हा हसला नव्हतात.

भामाबाई सोनाआजीकडंही गेली. आजी म्हणाली, "सोळा वर्सं शेपटाला हुते. मी मागितला न्हाई. दिला तो दिला." खोटं काय बोलली? आजीकडं कोणी बोट दाखवलं तर माझ्याशी गाठ आहे.

वहिनींनी चार दिवस भामाबाईकडं जार पाठवले. पाचव्या दिवशी वहिनींकडं लग्न निघालं, जार थांबले. बोअर अजून बोलण्यातच आहे. आणि पाणी हुडकत फिरण्यात भामाबाई ह्या आठवड्यात मेसला दोनदा उशिरा पोचली. मुकादमानं सांगितलंय, तिसऱ्यांदा उशीर झाला की पाट कायमचा दुसरीचा. ती तिसरी वेळ उद्या सकाळी आहे.

खर्डेकरांवर पोट धरून हसलात. आता इकडं बघा. वस्तीच्या नळापासून नव्वद पावलांवर दुसरा एक नळ आहे. चोवीस तास पाणी. तुम्ही चपला काढता, पाय धुता, तोच – ह्या देवळाचा. संध्याकाळी आरती झाली की त्याला कुलूप, सकाळी आठला उघडतं. का? तर वस्तीतल्या बाया येऊन चिखल करतात. तसा देवळाचा ठरावच आहे; त्यावर पहिली सही विश्वासरावांची, खालच्या पाच ह्या पुढच्या ओळीतल्या विश्वस्तांच्या. आणि मी? वर्षभर त्याच नळावर पाय धुऊन इथं ज्ञान सांगतोय. विचारलं नाही कधी. माझंही थोबाड तेवढंच काळं.

आता आरती. भामाबाई शेवटच्या खांबाला टेकून बसलीय, हंडा मांडीशी. ताट फिरेल, त्यात आज नाणं नको, नोट नको. एकच वस्तू पडायची आहे. ती ज्याच्या करगोट्याला आहे, त्याला माहीत आहे.

मृदंगबुवा, थांबा. कापूर पेटवू नका अजून. मी उभा आहे. ताटात किल्ली वाजू द्या, मग म्हणू आरती.