चपला घातल्यावरची मुलाखत

मुलाखत कशी घ्यायची हे मला कॉलेजात नाही, शुक्रवार पेठेतल्या शांताक्कांच्या दारात कळलं बघा. माझ्या प्रोजेक्टचा विषय होता, मराठी-कानडी घरात भांडण कोणत्या भाषेत होतं. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून विचारलं, तर अक्का सुनेकडं बघत म्हणाल्या, “आमच्यात भांडणंच न्हाईत. तू च्या घे.”

झालं, प्रोजेक्ट बुडाला. चहा संपवला, “येते अक्का” म्हणत चपला घातल्या. अक्का दारापर्यंत आल्या आणि चौकटीला टेकून म्हणाल्या, “परवाच लई वाजलं की आमचं. ही मराठीत सुरू करती, मी कानडीत संपवती.” तेवढ्यात सूनही बाहेर आली, “संपवतात कुटं?”

तेव्हापासून प्रत्येक घरी मी आधी चहा प्यायचे, चपला घालायचे, आणि मग परवानगी घेऊन रेकॉर्डिंग लावायचे.

आमच्या सरांना ते पटेना. “मुलाखत शांतपणे बसून घ्यायची असते. दारातल्या गप्पांना संशोधन म्हणत नाहीत.”

“बरं सर, येते,” म्हणून मी उठले. सर केबिनच्या दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, “बाकी आमच्या घरी ना, सगळं कानडीतच चालतं. कालचंच सांगतो...”

मी म्हटलं, “सर, रेकॉर्डिंग लावू?”