तेजलची सही

हॅलो?... हॅलो, कोण बोलतंय?... संजू, तू होय! अगं, नाव दिसलं नाही मला. चष्मा फुटलाय... फुटला म्हणजे पडला आणि कुणीतरी त्याच्यावरून गेलं.

हो, हो... जिवंत आहे. आधी श्वास घे तू.

ओझरलाच आहे, विमानतळावर. विमान नाही उडालं अजून.

तेजलही बरी आहे... बरी म्हणजे, भुवई फुटलीय. प्रवाशांत एक डॉक्टरीणबाई होती, तिनं पट्टी लावली. टाके घालावे लागतील म्हणाली... अगं ऐक ना, डोळा शाबूत आहे. मी स्वतः बोटं दाखवून मोजायला लावली तिला.

कसला व्हिडिओ?... तुझ्या शाळेच्या ग्रुपवर? कमाल आहे लोकांची! इथं रक्त पुसलं जायच्या आत तिकडे पोचलंसुद्धा.

मी आहे त्यात?... चावताना?

हो. मीच ती. मनगटाला चावले.

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई चावली तर चावली! दात माझे आहेत, कवळी असती तर नसते चावले. तो माणूस आपल्या पोरीच्या गळ्यातली ओळखपत्राची फीत पिरगाळत होता, संजू. बैलाचं दावं आवळावं तशी. तिचा चेहरा जांभळा पडला होता. ओरडून ऐकेना, मग मी काय प्रार्थना म्हणत बसायचं?

अजून तोंडात चव आहे त्याच्या रक्ताची. दोनदा चूळ भरली तरी जात नाही.

कोण म्हणजे... पुंजाराम म्हणून आहे कुणी, लासलगावचा कांद्याचा व्यापारी. तो बघ समोर बसलाय, हाताला रुमाल गुंडाळून. माझ्याकडेच बघतोय. बघू दे.

सुरुवातीपासून सांगते. मध्ये बोलू नकोस... बोललीस लगेच!

दहाचं विमान होतं. तुझ्या भावाकडे, हैदराबादला... हो, माहीत होतं मला. पाच महिन्यांपूर्वी त्या जातीचं एक विमान पेटलं आणि मग सगळीच जमिनीवर बसवली, त्यातलंच हे. नाशिकहून आज पहिल्यांदा उडणार होतं. म्हणून तर मी आजचं तिकीट काढलं. तेजल तपासणार होती ना ते. तिची सही झाल्याशिवाय हलत नाही ते जागचं.

तर दहा वाजले, साडेदहा वाजले, कुणी काही सांगेना. टायवाला एक साहेब येऊन सारखा म्हणे, थोडा उशीर होतोय. अकराला तेजल आली, माझ्याशेजारी बसली. हात काळे, तोंड उतरलेलं. म्हणाली, आजी, मी सही नाही केली. एका नळीला धरून ठेवणारी पट्टी असते म्हणे, करंगळीएवढी. त्या पट्टीला केसाएवढी चीर दिसली तिला. ज्या दोषापायी पाच महिने विमानं बसवली, त्याच्याशी हिचा काही संबंध नाही. साहेब म्हणत होता, आजचा दिवस जाऊ दे, उद्या बदलू. ही म्हणाली, नाही.

अगं, तुझीच मुलगी ती. नाही म्हणाली म्हणजे नाही.

मग मुंबईहून गाडीनं दुसरी पट्टी आली. ती बसवली, पुन्हा सगळं तपासलं, चार वाजता हिनं सही केली. आणि साहेबानं माइकवरून सांगितलं, विमान पूर्ण सुरक्षित आहे, चला. बस, तिथून पेटलं. सहा तास काय करत होतात? काय मोडलं होतं? पाच महिने बसवलेलं भंगार आमच्या माथी मारता काय? एकानं खुर्ची उचलून काउंटरवर घातली, काच फुटली...

हो, तेजल तेव्हा आत होती. सुखरूप होती.

बाहेर का आली?

...

संजू, ते माझ्यामुळे. मीच फोन करून म्हटलं होतं तिला. म्हटलं, लपवू नकोस. ती काढलेली पट्टी आण आणि दाखव लोकांना. माणसं डोळ्यांनी बघतात तेव्हा विश्वास ठेवतात.

कुठून सुचलं म्हणजे? तुझ्या आजोबांच्या पाळण्यावरून सुचलं.

तुला कधी नीट सांगितलंच नाही मी ते... आत्ताच सांगते. ऐकून घे, मग ओरड.

आमचे अण्णा, कारभारी पाळणेवाले. यात्रेयात्रेतून आकाशपाळणा लावायचे. एका वर्षी निफाडकडच्या एका यात्रेत पाळण्याची एक पेटी निसटली. खिळीच्या जागी अण्णांनी तार पिळून घातली होती. दोन बायका पडल्या, एक गेली. लोकांनी तंबूचे बांबू उपसले आणि अण्णांना मारलं. उजवा हात दोन ठिकाणी मोडला. मी तंबूच्या कापडाखाली होते, सहा वर्षांची. आवाज ऐकत होते नुसता. बांबूचा वेगळा आणि हाडाचा वेगळा. पाळणा पडेपर्यंत आम्ही पाळणेवाले होतो, गं. पडल्यावर सगळ्यांना आमची जात आठवली.

वर्षभर पाळणा बंद. मग दुरुस्त करून हरसूलला नेला, डोंगरातल्या लोकांना काही ठाऊक नसेल म्हणून. पण बातमी आमच्याआधी पोचलेली. कुणी बसेना. पाळणेवाल्यांची रीतच होती, बंद पडलेला पाळणा पुन्हा सुरू करताना घरचं पोर आधी बसवायचं. अण्णांनी मला उचललं. मी रडायला लागले, तर अशी मारली की कान वाजत राहिला. पेटीत कोंबलं आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, बघा, माझी पोटची पोर बसलीय!

तेव्हा गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. भागीबाई नाव तिचं. म्हणाली, “पोरीला काय बसवतोस? ती काय लोखंड हाय? खीळ दाव मला.” अण्णा चिडले, पण दाखवली. तिनं हातानं हलवून बघितली. म्हणाली, “ही ढिली हाय.” अण्णांनी सगळ्यांसमोर ठोकून घट्ट केली. मग ती बसली आणि तिच्यामागं अख्खी यात्रा बसली.

सदुसष्ट वर्षं मी हे डोक्यात घेऊन फिरतेय. तेच दिलं मी तेजलला. दाखव म्हटलं, माणसं शहाणी असतात.

आणली की तिनं. पिशवीत घालून, हात उंच करून. “हे बघा, हे मी आज सकाळी काढलंय,” एवढंच म्हणाली. लोकांनी पुढचं ऐकलंच नाही. मोडलेला तुकडा दिसला, तेवढंच त्यांनी पाहिलं.

पहिला फटका एका बाईनं मारला. स्टीलच्या बाटलीनं, भरलेल्या... सविता नाव तिचं. तिचा भाऊ होता त्या पेटलेल्या विमानात. ती आज प्रवासाला आलीच नव्हती, संजू. तिकीट काढून विमान अडवायला आली होती. “माझ्या भावाला जाळलंत आणि वर तुकडे दाखवता?” म्हणाली आणि घातली बाटली. भुवई तिथंच फुटली. मग तो लासलगाववाला. मग कोण कुणाला मारतंय कळेना. साहेबाचा पुढचा दात गेला. त्या पट्टीवाल्या पिशवीवर लोक नाचत होते, अक्षरशः. पोलिसांनी काठ्या घातल्या तेव्हा कुठं थांबलं.

नाही. तेजलनं एकदाही हात उचलला नाही. त्या सवितावर तर नाहीच. “मारून घ्या ताई,” म्हणाली. ते तुझ्या व्हिडिओत नसेल.

आता?... आता शांत आहे. एकशेचाळीस माणसं होती, बरीच घरी गेली. सविताला पोलीस चौकीत नेलंय, तेजलनं तक्रार द्यायची नाही म्हणून सांगितलंय... ते तिलाच विचार. विमान उभं आहे. जे तयार आहेत त्यांना घेऊन अर्ध्या तासात सुटणार.

काय?... रिक्षा करून? तेजलला घेऊन घरी?

थांब, कोण आलंय... हं, काय साहेब?... नाही. नाही म्हटलं ना मघाशी?... तो कॅमेरा आधी खिशात घाला, नाहीतर दुसरा चावा तुम्हाला!

...अगं, तोच टायवाला. एवढा दात गेला तरी म्हणतोय, आजी, तुम्ही इंजिनीयरच्या घरच्या, सगळ्यांच्या आधी तुम्ही चढा, आम्ही व्हिडिओ काढतो, लोकांचा विश्वास बसेल. सातव्या वर्षी बसवलं मला तसं, आता पुन्हा बसवतायत. मी चढल्यानं विमान पक्कं होतं का? पाळणा तरी झाला होता का? ढिलाच होता तो. खाली भागीबाई होती म्हणून मी धड उतरले.

चिडू नकोस, मुद्द्यावरच आहे मी. जाणार आहे मी या विमानानं.

ओरड. ओरडून घे.

...झालं? आता ऐक. मी शेवटून चढणार, रांगेत, सगळ्यांसारखी. कुणाला दाखवायला नाही. ज्या पोरीनं सकाळी साहेबाच्या तोंडावर नाही म्हटलं, तिच्या दुपारच्या ‘हो’वर मी बसते. अण्णांनी जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं, म्हणून त्यांच्या ‘हो’ला काही किंमत नव्हती.

पुंजाराम?... तो मघाशी उठून तेजलकडे गेला होता. मी उठलेच लगेच, म्हटलं पुन्हा काही... पण दोन हात लांब उभा राहिला. कुठली नळी, कशाची पट्टी, सगळं विचारत होता. ती सांगत होती. मग परत येऊन बसला. जाणार की नाही, त्याचं तोच जाणे.

नाही, तेजल येत नाहीये विमानात. तिला रात्रीपर्यंत ड्यूटी आहे. फुटक्या कपाळानं.

राजीनामा?... मी सांगू तिला?

संजना, एक विचारू? खरं सांग. मी बाजूला राहू दे, विमानही बाजूला राहू दे. तेजलनं सही केलीय. तिच्या सहीवर तू बसशील का?

...

हॅलो?

आहेस ना?

...

रडू नकोस. रडून काय होणार. हो की नाही तेवढं सांग.

...हं.

बसशील. बरं.

मग हे मला कशाला सांगतेस? ती बघ भिंतीशी एकटी बसलीय, बर्फाची पिशवी धरून. दुसऱ्या हातात फोन आहे, मघापासून त्याच्याकडेच बघतेय. या नोकरीवरून सहा महिने तू तिच्याशी धड बोलली नाहीस. आज अख्ख्या नाशिकनं तिला खोटारडी म्हटलंय, संजू. आईचा फोन आला नाही अजून.

नाही, मी देत नाही माझा फोन तिला. तू लाव. तुझ्या नंबरवरून आला पाहिजे.

काय बोलायचं ते मी कसं सांगू? आत्ता मला जे म्हणालीस तेच म्हण.

नंतर नाही. आत्ता. रांग लागायच्या आत. मला इथून तिचं तोंड बघायचंय... चष्मा नाही, माहितीये! एवढं दिसतं मला.

ठेवते मी. लाव.