समोर टक्का, मागं सिंग

...तं लग्न जमलं म्हने! कोनाचं? माह्या मदनसिंगचं! कोनासंगं? थे मले काय माहीत, मी त्याची माय, मलेच कोनी सांगतलं नाई! आसेगावचा पोरीचा बाप फोनवर वरडून राह्यला, "जमनाबाई, उद्या पोरगी पाहाले येतो म्हनता अन् तिकडं दुसरीकडं जमवून बसता? लाज हाये का नाई?" अरे भाऊ, कोन म्हनलं? तं म्हने, "मेळाव्याच्या कंप्यूटरवर लिवलं हाये!"

आग लागो त्या टक्क्याले!

टक्का कोनता, थेच सांगून राह्यली ना, दम धरा. वधू-वर मेळाव्याचं कंप्यूटर आमच्या तांड्यातल्या हरीओमपाशी. त्यात पोट्ट्यायची नावं, संगं बापायचीबी. लग्न जमलं एकट्या उदयसिंगचं. त्याच्यापुढं 'लग्न जमले' लिवाचं, इतकंच काम! पन या येदपटाले पुरं नाव टाइप कराचा कटाळा! आंधी टक्क्याची खून मारली, थे दोन टिंबायमंधली तिरपी रेघ, मागं लिवलं सिंग, झालं. म्या इचारलं, "काहून रे मेल्या?" तं दात काढून राह्यला, "काकू, टक्का म्हंजे समोर काईबी असो, चालते."

चालते? कोनाले चालते रे? समोर उदय असो, मदन असो, मागं सिंग दिसला का कंप्यूटरनं जमवलंच लग्न! अर्धा तांडा एका झटक्यात उजवला, ना हयद, ना मांडव, ना जेवन! तिकडं नानीबाईनं नवऱ्याले झाडूनं झोडपलं, "सांग, कोन हाये थे सटवी?"

आग लागो त्या टक्क्याले!

म्या हरीओमची गचांडी धरली. "आत्ताच्या आत्ता सुधर!" बसला बाप्पा टकटक करत. अन् सुधरलं कसं? पुन्ना टक्का, पुन्ना सिंग, अन् पुढं 'लग्न करायचे आहे'! सबन सिंग मोकळे! उदयसिंगचा सासरा काठी घेऊन तांड्यात आला, "माह्या पोरीले फसवता काय?"

आसेगाववाल्यानं तवरोक पोरगी आमच्याच तांड्यातल्या करणले देऊन टाकली. करणच काहून? त्याच्या नावात सिंग नाई ना!

आता स्थळाचे फोन येऊन राह्यले माय, सकाळपासून येऊन राह्यले... पोराले एकबी नाई. सारेच्या सारे आमच्या बुढ्याले, मदनच्या बापाले! त्याच्याबी नावात सिंगच ना! अन् थो? अंगनात आरसा घेऊन मिशीले कलप लावून राह्यला.

लावा म्हनलं. घरातल्या एकाचं तरी जमू द्या.