हडळीचे पाय

गंगापूर रोडवरच्या वाचनालयात इंदिराबाई पुस्तक बदलायला रांगेत उभ्या होत्या. शेजारच्या बाकावर कॉलेजातली रोशनी आणि सुरगाण्याहून तिला भेटायला आलेली मावशी भुताखेतांचा जाडजूड कोश उघडून बसल्या होत्या.

“मावशी, यात परदेशातले रक्त पिणारे मुडदेसुद्धा आहेत. थडग्यातून उठतात म्हणे.”

“आपली हडळ हाय का?”

“आहे. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, तिचे पाय उलटे असतात, ती रक्त पिते.”

“म्हंजे तुझ्या आईबद्दल गावात बोलतात, ते पुस्तकात बी हाय.”

“लोक सांगतात तेवढंच लिहिलंय गं.”

“माझ्या सपनात येते ती.”

“कशी दिसते?”

“हिरवं लुगडं, केस मोकळे. वळचणीला गप बसलेली असते.”

“आणि पाय?”

“पाय कुठं दिसतात? तू मांडीवर निजलेली असतेस.”

इंदिराबाईंचा नंबर आला. त्यांनी मागच्या माणसाला हातानंच पुढं जायला सांगितलं.

“मावशी, आज मी तुझ्याजवळ झोपते.”

“झोप. तिला तू अजून तान्हीच वाटतेस.”