मॅडमला थांबवा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सर्वेसर्वा, माननीय सुभेदार लालासाहेब, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती साळूबाई काकी, माझे सहकारी, पालक बंधू-भगिनी आणि सतरंजीवर एकमेकांना चिमटे काढत बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

निरोपाचं एक बरंसं भाषण मी लिहून आणलं होतं. पण आत्ताच शाल घालता घालता अध्यक्षांनी माईक हातात घेतला आणि जाहीर केलं, "अपूर्वा मॅडम कुठंबी जात न्हाईत. त्यांनी मला शब्द दिलाय." आपण टाळ्या वाजवल्यात. खरं सांगू? ही बातमी मलाही तेव्हाच कळली.

शाळा सुटल्यावर मुलांना रोबो बनवायला आणि संगणकावर गेम तयार करायला शिकवायचं, म्हणून मी लोणंदला एका वर्षासाठी आले होते. आजचा हा माझा तिसरा निरोप समारंभ. पहिल्या वेळी सुभेदारसाहेब म्हणाले, "बदलीचा माणूस आल्याबिगर पोस्ट सोडायची नसती, मॅडम." फौजी माणूस, मला वाटलं महिन्याभरात कुणी येईल. दुसऱ्या वेळी तर पालकांनी हातच धरले. इतक्या मायेला नाही कसं म्हणायचं, हे कुठल्या क्लासमध्ये शिकवतात हो?

मुलांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. आपल्या शंभूराजनं औंधच्या यमाईच्या जत्रेतून आणलेली खेळण्यातली गाडी फोडली आणि तिच्या मोटारीवर रोबो केला. भिंत आली की त्यानं वळायचं, असं ठरलं होतं. गेल्या बक्षीस समारंभात तो प्रमुख पाहुण्यांच्या पायावर आदळला, शहाण्यासारखा वळला आणि परत येऊन दुसऱ्या पायावर आदळला. पाहुणे मोठ्या मनाचे होते, म्हणून निभावलं.

आणि आज पडद्यावर आपण शिवांजलीचा गेम पाहिलात. नाव 'मॅडमला थांबवा'. साडी नेसलेली एक बाहुली लोणंद स्टेशनावर गाडीकडे पळते आणि खेळणाऱ्यानं तिच्या वाटेत कांद्याच्या गोण्या टाकायच्या. सगळे पोट धरून हसलात. मीही हसले. मग तिला हळूच विचारलं, "अगं, ह्यात मॅडम जिंकते कधी?"

ती म्हणाली, "मॅडम जिकतच न्हाईत. म्या तसं ठेवलंच न्हाई. जिकल्या तर जात्याल की!"

तेव्हापासून माझं हसू पळालं आहे.

माझी मुलगी साक्षी बंगळुरूला तिच्या बाबांजवळ असते. यंदा पहिलीत गेली. परवा फोनवर मला म्हणाली, "आई, तुझ्या क्लासमध्ये माझं नाव घाल ना. मग तू मला रोज दिसशील." काय उत्तर द्यायचं होतं मी? आपणच सांगा. मला वाईट वाटतं, आणि स्पष्टच बोलते, मला रागही येतो. आपल्या गणिताच्या माया मॅडम वर्षभर माझ्याबरोबर हा क्लास घेताहेत. उद्यापासून एकट्यानं घ्यायला त्या तयार आहेत. बदलीचा माणूस शाळेतच आहे, साहेब, आपण त्यांना कधी विचारलंच नाही.

शब्द मी दिला नव्हता. पण भरल्या सभेत आपल्याला खोटं पाडू कशी? आपलं वय, आपला मान, आपण ह्या क्लाससाठी घातलेले खेटे, सगळं डोळ्यांसमोर येतं आणि जीभ अडते. तेव्हा यंदाही मला वाटतं, मी...

काकी? आपण कशाला उठलात? सांभाळून, पायरी उंच आहे.

...

क्षमा असावी. मागच्या रांगांना दिसलं नसेल, म्हणून सांगते. साळूबाई काकींनी आत्ता इथे, माईकसमोर, माझी ओटी भरली. आणि अध्यक्षांना म्हणाल्या, "आवं, ओटी भरल्याली लेक आडवत्यात व्हय? तिची पोर वाट बघतीया. आता गप बसा." खण, नारळ, तांदूळ त्या घरूनच पिशवीत घेऊन आल्या होत्या. म्हणजे आपल्या यजमानांना त्या किती ओळखतात बघा!

सुभेदारसाहेब, मान खाली घालू नका. आपला शब्द कुणी मोडलेला नाही. आपल्याच घरानं मला सासरी धाडलं आहे.

आपण सर्वांनी मला आपलं मानलंत, ह्याचे आभार शब्दांत मावायचे नाहीत. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, तर घरच्या लेकीचा फटकळपणा म्हणून पोटात घाला. यानंतर अध्यक्षीय समारोप आहे. तो ऐकायला मात्र मी थांबत नाही, कारण माईक पुन्हा साहेबांच्या हातात जाणार आहे. बाहेर रिक्षा उभी आहे.

शिवांजली, माझी पिशवी तू मांडीखाली दडवून बसली आहेस, मघापासून दिसतंय मला. दे बाळ. साक्षी वाट बघतेय.