घरगुती कारण

...नाही, मला एवढंच सांगा, तीन-तीन मुलाखती दिल्या, हसून हात मिळवला, ‘सोमवारी येतो’ म्हणाला, मग आला का नाही? तुम्हाला सांगतो, हा पाचवा! निवड झाली, पत्र गेलं, माणूस आला नाही.

तुम्ही म्हणाल, तुझं काय जातंय? अहो, माझंच जातंय! माल पाठवायच्या टेबलावरची ती जागा माझीच. बायको आणि लेक दुसऱ्या गावात, तिथंच मला नोकरी लागली, पण आमचे साहेब... “जा की, मी कुठं अडवलंय? तुझ्या जागी माणूस रुजू झाला की त्याच दिवशी सोडतो!” आणि इथली रीत अशी की जाणाऱ्यानंच येणाऱ्याला जागा दाखवायची.

दाखवली हो! पहिल्याचं पत्र सहीसाठी दीड महिना टेबलं फिरत बसलं, तोवर तो दुसरीकडे चिकटला. दुसरी बाई भिंतीकडे बघत म्हणाली, “इथं घड्याळ होतं का?” होतं. लोक सारखे बघतात म्हणून साहेबांनी काढलं, खिळा तेवढा राहिला. “घरी किती वाजता जाता?” आता घड्याळच नाही तर काय सांगू? निवड झाली, पत्र गेलं, बाई आली नाही.

आणि जाताना सगळे हळूच विचारतात, “तुम्ही का सोडताय?” मी म्हणतो, घरगुती कारण. अहो, खरंच घरगुती आहे! पण डोळे बारीक करून “कळलं, कळलं” म्हणतात, पाठीवर थोपटतात, आणि जातात ते जातातच. या पाचव्याला तर मी लेकीचा फोटो दाखवला. “गोड आहे, किती वर्षांची?” पाच म्हटलं... मग आठवलं, सहा. गेल्या महिन्यात झाली. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं, पाणी प्यायला आणि निघाला.

ती रोज फोनवर विचारते, “बाबा, नवीन काका आले का?” काय सांगू तिला? निवड झाली, पत्र गेलं...

काल नव्या ऑफिसातून फोन. बाईंचा आवाज अगदी मऊ. “तीनदा तारीख वाढवून दिली, आता जागा दुसऱ्याला दिलीय. फक्त नोंद करायचीय, निवड होऊनही रुजू का झाला नाहीत? काय लिहू?”

मी खिळ्याकडे बघत राहिलो. म्हटलं, “लिहा... घरगुती कारण.”

त्या म्हणाल्या, “कळलं, कळलं.”